मानव विकास आणि कुटुंब अभ्यास: पुण्यात शिकायला येणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पुण्यात हा विषय एका पाटीखाली सापडत नाही. कुठे त्याचं नाव मानव विकास, कुठे बालविकास, कुठे तो गृहविज्ञानाची एक शाखा असतो, तर कुठे समाजकार्याच्या पदवीत ‘कुटुंब आणि बालकल्याण’ म्हणून बसलेला असतो. त्यामुळे बारावी झालेली मुलगी सोलापूरहून किंवा लातूरहून येते, ‘मला मुलांसोबत काम करायचंय’ म्हणते आणि कुणीतरी तिला सरळ मानसशास्त्राच्या प्रवेशाच्या रांगेत उभं करतं. मानसशास्त्रात वाईट काहीच नाही, पण दोन्हींचा रोख वेगळा आहे. मानसशास्त्र माणसाच्या मनापासून सुरुवात करतं. मानव विकास विचारतो की हा माणूस गर्भापासून म्हातारपणापर्यंत कसकसा बदलत गेला, कुणाच्या सोबतीनं आणि कुठल्या परिस्थितीत. म्हणून एकाच सेमिस्टरमध्ये तुमच्यासमोर लसीकरणाचं वेळापत्रक, मुलांचा विचार कसा वाढतो याचे मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेले टप्पे, दत्तकविधानाचा कायदा आणि घरखर्चाचा ताळेबंद असं सगळं येऊन पडतं. पहिले काही आठवडे हा पसारा वाटतो. तसा वाटणं साहजिक आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कुटुंबाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं प्रत्येकाला वाटतं, कारण प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या घरात वाढलेला असतो. या विषयातली सगळ्यात मोठी अडचण तीच. ‘आमच्याकडे असं असतं’ हे वाक्य वर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या एका अर्थानं त्या वाक्यापासून दूर जाण्यासाठी आहेत.

पायरी १: दार निवडा

कर्वे रस्त्यावर एसएनडीटी महिला विद्यापीठाचा परिसर आहे, नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याइतका जवळ. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हे विद्यापीठ पुण्यातच सुरू केलं. मुख्यालय पुढे १९३६ मध्ये मुंबईला गेलं, पण पुण्याचा परिसर राहिला आणि त्यात गृहविज्ञान महाविद्यालय आहे. मुलींसाठी पुण्यातलं पहिलं चौकशीचं ठिकाण हेच. जाताना नुसतं माहितीपत्रक घेऊन परतू नका. यंदा कोणती स्पेशलायझेशन प्रत्यक्षात चालू आहेत, मागच्या वर्षी मानव विकासाला किती मुली होत्या, प्रॅक्टिकलसाठी बालवाडी आवारातच आहे की बाहेर जावं लागतं, आणि शेवटच्या वर्षी इंटर्नशिप किती आठवड्यांची असते, एवढं विचारा. कागदावर असलेली शाखा विद्यार्थीसंख्येअभावी त्या वर्षी भरतच नाही, असं कुठेही होऊ शकतं. ऑफिसच्या खिडकीपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या मुली जास्त खरं सांगतात, कॅन्टीनमध्ये गाठा.

मुलगे हा विषय शिकू शकतात का? शिकू शकतात, फक्त दार वेगळं. कर्वेनगरातली कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे आणि तिथे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र, शिवाय स्त्री अभ्यास केंद्र आहे. कॉलेजात मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बीए आणि मग एमएसडब्ल्यू, हा रस्ता पुण्यात राहून विषयाच्या गाभ्यापर्यंत नीट नेतो. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, पुण्यात विभागीय केंद्र आहे. इग्नूचा बालपणातील संगोपन व शिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे.

मानव विकासातच पुढे एमएससी करायची पक्की इच्छा असेल, तर पुण्याबाहेर नजर टाकायची तयारी ठेवा. मुंबईत एसएनडीटीच्या जुहू परिसरातला मानव विकास विभाग आणि निर्मला निकेतन, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला मानव विकास व कुटुंब अभ्यास विभाग, दिल्लीचं लेडी आयर्विन कॉलेज, ही जुनी आणि नाव कमावलेली ठिकाणं.

माझं मत विचाराल तर: शून्य ते सहा वयाच्या मुलांत रमायचं असेल तर गृहविज्ञान घ्या. तुटत्या संसारांत, कोर्टात, संरक्षणगृहांत काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदाला समाजकार्यातलीच पदव्युत्तर पदवी मागतात. तिथे मानव विकासाची एमएससी घेऊन हळहळत बसण्यात अर्थ नाही. आणि ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ व्हायचं असेल तर मानव विकासाच्या वाटेला येऊ नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि ती या पदवीवर मिळत नाही.

पायरी २: कागद

अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र, बाहेरच्या बोर्डातून येत असाल तर मायग्रेशन. निघण्याआधी गावातूनच काढून आणा. पुण्यात राहून तालुक्याच्या सेतू केंद्रात खेटे घालणं परवडत नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर असतात आणि आधारशी जोडलेलं बँक खातं चालू नसेल तर पैसे अडकतात. हॉस्टेलची चौकशी प्रवेशाच्या बरोबरीनं करा, नंतर नाही.

पायरी ३: सिद्धांत पाठ करू नका, पुण्यात उतरवा

पहिल्या वर्षी मुलांच्या वाढीचे सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं धडाधड येतात: पियाजे, एरिकसन, वायगॉट्स्की, बोल्बी, ब्रॉनफेनब्रेनर. परीक्षेपुरतं पाठ होतं आणि पेपर झाल्यावर उडतं. टिकवायचा एकच मार्ग मला माहीत आहे: प्रत्येक सिद्धांत ओळखीच्या गल्लीत नेऊन बघायचा.

ब्रॉनफेनब्रेनरचं घ्या. १९७९ मध्ये त्यानं मांडलं की मूल एकात एक असलेल्या परिघांत वाढतं. आता हडपसरमधली साडेतीन वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. आई, आजी, बालवाडीच्या बाई हा तिचा सगळ्यात आतला परीघ. आई आणि बाई एकमेकींशी बोलतात का, की फक्त डायरीत सही होते, हा दुसरा. बाबा हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतात. मुलीनं ते ऑफिस कधी पाहिलेलंही नाही, पण बाबा सकाळी झोपलेले असतात म्हणून घरात दहापर्यंत आवाज करायचा नाही. हा तिसरा परीघ, आणि विद्यार्थी नेमका हाच विसरतात. त्याबाहेर ‘मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही’ म्हणणारा समाज. आणि या सगळ्याला छेदून जाणारा काळ: ती २०२० मध्ये जन्मली असती तर पहिलं वर्ष मास्क घातलेल्या चेहऱ्यांत गेलं असतं. एवढं एकदा स्वतः लिहून काढलं की उत्तर पाठ करावं लागत नाही.

पियाजेचा पाण्याचा प्रयोग तर घरी करता येतो. दोन सारखे पेले, एक उंच निमुळता ग्लास. दोन पेल्यांत सारखं पाणी, मग एकातलं उंच ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, ‘कशात जास्त?’ चार वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लास दाखवतं. पण इथे थांबू नका. सामान्य पद्धतीत प्रश्न ओतण्याआधी एकदा आणि नंतर एकदा असा दोनदा विचारतात. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये दाखवलं की प्रश्न फक्त ओतल्यानंतर एकदाच विचारला तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी होतात. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, हे शाळेत जाणारं मूल शिकलेलं असतं. मुलाला काय येत नाही हे मोजताना आपण त्याला कसं विचारलं तेही मोजावं लागतं. पहिल्या वर्षात एवढं कळलं तरी पुष्कळ.

पुस्तकं बरीचशी अमेरिकन. त्यांच्यातलं ‘सामान्य कुटुंब’ म्हणजे आई, बाबा, दोन मुलं. मेरी एन्सवर्थची आईपासून क्षणभर दूर ठेवून मुलाचं वागणं बघण्याची पद्धत एक ते दीड वर्षाच्या बाळांसाठी आहे, आणि तीच पद्धत जपानमध्ये वापरली तेव्हा आईला चिकटून रडत राहणाऱ्या बाळांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. तिथली बाळं आईपासून फारशी दूर होतच नव्हती, म्हणून त्यांना तो प्रसंग जास्त जड गेला, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आपल्याकडे उलट बाजूचा प्रश्न आहे: जे बाळ सकाळपासून आजी, काकू, शेजारच्या मावशी यांच्या कडेवर फिरतं, त्याची आसक्ती, म्हणजे जवळच्या माणसाशी जुळलेला भावनिक बंध, एकट्या आईवरून कशी मोजणार? हा प्रश्न वर्गात विचारा. मॅडमना आवडेल.

याबाबतीत पुणं नशीबवान आहे, कारण नात्यांचा आपल्या मातीतला अभ्यास इथेच उभा राहिला. डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेची विभागवार मांडणी प्रसिद्ध केली. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, महाराष्ट्रातल्या अनेक जातींत ते चालतं. म्हणजे इथली सून सासरी जाते तेव्हा सासू कधी कधी तिची आत्याच असते. अशा घरातलं सासू-सुनेचं नातं अमेरिकन पुस्तकातल्या प्रकरणातून कळणार नाही.

पायरी ४: निरीक्षण, आणि पुन्हा निरीक्षण

या पदवीत एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही शिका. बालवाडीत किंवा अंगणवाडीत बसून मुलाचं वागणं लिहायचं असतं. नवख्या विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये हमखास अशी नोंद सापडते:

‘मुलगा क हा आक्रमक व हट्टी आहे. त्याला खेळणी वाटून घेता येत नाहीत.’

आता तोच प्रसंग मिनिटामिनिटानं लिहू:

‘१०.४०. क (४ वर्षं ३ महिने) ठोकळ्यांच्या टोपलीजवळ बसला. चार ठोकळे एकावर एक रचले. ख आली, वरचा लाल ठोकळा उचलला. क “माझाय” म्हणाला, हात पुढे केला. ख दोन पावलं मागे सरकली. क नं ताईंकडे बघितलं. ताई पाठमोऱ्या, खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. क नं ख चा हात ओढला. ख रडली. १०.४२. ताई: “कोण मारतंय रे?” क नं ठोकळा खाली ठेवला, भिंतीकडे तोंड करून बसला.’

दुसरी नोंद वाचली की दिसतं, मुलानं आधी शब्द वापरला, मग मोठ्या माणसाची मदत शोधली, आणि ती मिळाली नाही तेव्हा हात घातला. चार वर्षांच्या मुलानं याहून शहाण्यासारखं काय करायचं होतं? ‘आक्रमक’ हा शब्द पहिल्या नोंदीत होता, मुलात नव्हता.

काही कामाच्या सवयी. वेळ लिहा, वय महिन्यांसकट लिहा. क्रियापदं वापरा, विशेषणं टाळा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘माझाय’चं ‘हे माझे आहे’ करू नका. पानाच्या उजवीकडे एक पट्टी मोकळी सोडा आणि तुमचा अर्थ, शंका, राग, जे काही असेल ते तिथे लिहा, म्हणजे नोंद आणि मत एकमेकांत मिसळत नाहीत. पहिल्या दिवशी वही उघडूच नका. मुलं तुम्हाला बघायला येतात, तेवढा वेळ जाऊ द्या. वहीत खरं नाव लिहू नका, अक्षर द्या. आणि नोंद त्याच संध्याकाळी पूर्ण करा. मेसमध्ये जेवून, गप्पा मारून, रात्री अकराला लिहायला बसलात तर तुमची आठवण तुमच्या मताच्या बाजूनं झुकलेली असते.

अंगणवाडीत गेल्यावर सेविकेला ताई म्हणा आणि मदतनीस वयानं मोठ्या असतील तर त्यांनाही ताई किंवा मावशी. ‘मी विद्यापीठातून आलेय’ हा सूर नको. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून वजनं, पोषण आहार, लसीकरणाचा पाठपुरावा आणि शालापूर्व शिक्षण हे सगळं याच बायकांच्या हातून होत आलंय, आणि त्यातच ढीगभर नोंदी. त्यांचा वेळ घेत असाल तर बदल्यात वजनाच्या दिवशी मदत करा. आणि शक्य झालं तर एकदा पालघरमधल्या कोसबाडची माहिती काढा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली, मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची हे तिथे करून दाखवलं. महाराष्ट्रात हा विषय शिकणाऱ्यानं पियाजेच्या आधी नाही तरी निदान बरोबरीनं त्यांना वाचावं.

जाता जाता: या शाखेत चार्ट, पपेट, फ्लॅशकार्ड, चमकीच्या बॉर्डरची फाइल यांचं फार प्रस्थ आहे. साहित्य बनवायला शिका, पण चमकीवर रात्री घालवू नका. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक नोंदीवर प्रश्न विचारतात, बॉर्डरवर नाही.

पायरी ५: घराचा नकाशा काढा

कुटुंब समजून घ्यायला जेनोग्राम, म्हणजे घरातल्या पिढ्यांचा नकाशा, शिकवतात. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आडवी रेघ लग्नाची, तिच्यावर दोन तिरक्या रेघा म्हणजे घटस्फोट, चिन्हात फुली म्हणजे माणूस गेलेला. किमान तीन पिढ्या. सोबत इकोमॅप: मध्ये घर, भोवती शाळा, नोकरी, दवाखाना, भिशी, देऊळ, गावाकडची शेती, आणि कुठून बळ येतं, कुठे ताण आहे ते दाखवणाऱ्या रेघा.

पहिला नकाशा स्वतःच्या घराचा काढायला सांगतात. तो वर्गात दाखवायची सक्ती नसावी. झाली तर नम्रपणे नाही म्हणा. प्रत्येक घरात एखादी रेघ अशी असते, जी वर्गात काढायची नसते.

मग दुसऱ्यांची घरं. पुण्यात त्यांचे नमुने पावलोपावली आहेत. कोथरूडमध्ये टू बीएचकेत सत्तरीचं जोडपं आणि मुलगा न्यू जर्सीत. नकाशावर तीन पिढ्या, घरात दोन माणसं, आणि नातवंडांची भेट आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत एकाच खोलीत आजी, विधवा लेक आणि तिची मुलं. घराचा कर्ता कोण या प्रश्नाला तीन उत्तरं. बाणेर-बालेवाडीच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेलं जोडपं, इमारत संपली की बिऱ्हाड हलतं आणि मुलाची शाळाही सुटते. अशा मुलांसाठी पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था बरीच वर्षं काम करताहेत. यातलं कोणतंही घर ‘मोडलेलं’ म्हणून लिहू नका. कोण कुणाला जेवायला घालतं, कोण आजारपणात रात्र जागतं, पैसा कुणाच्या हातात असतो आणि निर्णय कुणाच्या तोंडून येतो, एवढं विचारा. कुटुंबाची रचना त्यातून उलगडते. रेशनकार्ड पाहून नाही.

पायरी ६: फील्डवर्कला जाताना

प्लेसमेंट कॉलेजच देतं, पण तुम्हाला कुठे जायचंय हे आधी कळवलं तर बरेचदा मानतात. ससून रुग्णालयाशी जोडलेली सोफोश ही संस्था १९६४ पासून आहे. तिचं श्रीवत्स हे बालसंगोपन केंद्र. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात बालविकास केंद्र आहे. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे शासकीय योजनांची माहिती इथे दारात मिळते. वृद्धांवर काम करायचं असेल तर वृद्धाश्रमांइतकीच ज्येष्ठ नागरिक संघांचीही वाट धरा. तिथली माणसं बोलकी असतात, आणि म्हातारपण म्हणजे फक्त आजार नव्हे हे पहिल्या तासात कळतं.

तीन नियम मात्र पहिल्या दिवसापासून. मुलाचा फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं, म्हणजे २०१५ च्या कायद्यानं, गुन्हा आहे. संमती पालकांची घ्या आणि मुलाचीही विचारा. पाच वर्षांचं मूल ‘नको’ म्हणालं तर ते ‘नको’च. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलानं सांगितली, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती कळवण्याची जबाबदारी आहे, विद्यार्थ्यावरही. शांतपणे ऐका, प्रश्नांची सरबत्ती करू नका, मुलाचे शब्द लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी पर्यवेक्षक व संस्थाप्रमुखांकडे जा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि १४५६७ ज्येष्ठांसाठीचा. दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ७: मोजमाप शिका, पण शिक्का मारू नका

दुसऱ्या वर्षाला पोचलात की नातेवाईक पोरं घेऊन येतात. ‘अगं, आमचा अजून चालत नाही, बघ की जरा.’ शेजारच्या वहिनी लगेच म्हणतात, ‘आमचा तर नवव्या महिन्यात पळायचा.’ इथे एक आकडा लक्षात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय चालू लागण्याचं वय साधारण ८ ते १८ महिने एवढं पसरलेलं होतं. म्हणजे दोन निरोगी बाळांत दहा महिन्यांचं अंतर असू शकतं. पाठ्यपुस्तकातलं ‘१२ महिने’ ही सरासरी आहे, अंतिम तारीख नव्हे. पण अठरा महिने उलटले तर ‘चालेल हो, याचे बाबाही उशिराच चालले’ म्हणून सोडू नका, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

भारतीय बाळांचा विकास मोजायला डीएएसआयआय ही मोजपट्टी आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात तिचे निकष बसवले, आणि सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत, हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक. ती वापरायला प्रशिक्षण लागतं. तुम्ही पदवीच्या विद्यार्थ्या म्हणून फार तर चाळणी करू शकता, म्हणजे कुणाला तज्ज्ञांकडे पाठवायला हवं एवढं ओळखू शकता, निदान नाही. ‘ऑटिझम वाटतोय’ हे वाक्य पालकांसमोर तुमच्या तोंडून कधीही जाऊ नये.

पुण्याच्या विद्यार्थ्यानं आणखी एक अभ्यास वाचलाच पाहिजे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं माग घेतला. इथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ च्या आसपास. पण बारीक दिसणाऱ्या या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानानं टिकून होती, स्नायू कमी होते. शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटात काय पडलं, याचा संबंध तिच्या मुलाच्या पुढच्या मधुमेहाशी लागतो, हे जगाला सांगण्यात या गावांचा वाटा आहे. आयुष्यभराचा विकास गर्भापासून का शिकवतात, याला याहून चांगलं उदाहरण जवळपास नाही.

पायरी ८: इंग्रजी आणि आकडे

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी धास्ती ही. व्याख्यानं मिश्र भाषेत होतात, पुस्तकं इंग्रजीत. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रकरणातले वीस-पंचवीस शब्द मराठी अर्थासह वहीत लिहा, दुसऱ्या वर्षी वेग येतो. फील्डवर तुमची मराठी हीच तुमची ताकद आहे. इंग्रजी शाळेतून आलेल्या मैत्रिणीला वस्तीत आजींशी बोलताना तुमचीच गरज पडते. अदलाबदल करा.

संशोधन प्रकल्पात इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची वेळ येते. एकीनं भाषांतर करायचं, दुसरीनं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी ताडून बघायच्या. आणि छापण्याआधी चार आयांना वाचून दाखवा. ‘तुम्ही पाल्याशी भावनिक संवाद साधता का?’ याला सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘काल रात्री झोपताना पोराशी काय बोललात?’ याला उत्तर मिळतं.

संख्याशास्त्राला घाबरू नका. सरासरी, विचलन, सहसंबंध, टी-चाचणी एवढ्यावर पदवीचा प्रकल्प होतो आणि जामोव्ही हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं उघडून बघा. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत खुरटलेल्यांचं, म्हणजे वयाच्या मानानं उंची फार कमी असलेल्यांचं, प्रमाण ३५.२ टक्के होतं, त्याआधीच्या फेरीत ३४.४. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ‘आजच्या धावपळीच्या युगात’ लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहा.

पायरी ९: पुढे काय

घरचे हे पहिल्या दिवसापासून विचारतात, म्हणून सरळ सांगते. बालवाडी आणि पाळणाघरांत काम लगेच मिळतं, पगार सुरुवातीला कमी असतो. स्वयंसेवी संस्थांत प्रकल्प समन्वयक, बालसंरक्षण कक्षातली कंत्राटी पदं, अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविकेची पदं, शाळेत समुपदेशक, असे मार्ग आहेत. प्रत्येक जाहिरातीत पात्र विषयांची यादी शब्दशः वाचा. ‘गृहविज्ञान’ लिहिलेलं असतं तिथे तुमच्या गुणपत्रिकेवर तो शब्द आहे का, हे पदवी घेण्याआधीच तपासलेलं बरं. विशेष मुलांचे शिक्षक व्हायचं तर आरसीआयमान्य विशेष शिक्षणाचा कोर्स वेगळा करावा लागतो.

कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. नेटमध्ये गृहविज्ञानाचा विषय क्रमांक १२ आहे आणि त्यात मानव विकासाबरोबर अन्नविज्ञान, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन, विस्तारशिक्षण हे सगळंच येतं. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षातल्या कापडांच्या आणि जीवनसत्त्वांच्या वह्या रद्दीत घालू नका. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं. एमएससीच्या शेवटच्या वर्षात असतानाच दोन्हींचे अर्ज भरा.